मांजरपाटाचा पडदा

हंड्यात सोड्याचं पाणी खदखदतंय.

हौसाक्काचा मसाल्याचा पाटा इतका जड, की तो हलवायला दोन बायका लागत.

घट बसल्यावर घरात खिळा ठोकायचा नाही.

कोऱ्या मांजरपाटाला खळीचा वास असतो. घर बंद ठेवलं की तो वास जेवणाच्या ताटापर्यंत येतो.

डाव्या पायाची करंगळी. आत वळलेली, नख नसलेली.

"शालन, तुझ्या हातात कला आहे गं," असं गल्लीतल्या बायका मला म्हणायच्या. मला तर साधं बटणही लावता यायचं नाही.

*

"ढवळ की! बघत काय बसलीस?"

आत्याबाईंनी, म्हणजे माझ्या सासूबाईंनी, माझ्या हातात वेळूची काठी दिली. मी हंड्यातला पडदा खाली दाबला. तो फुगून वर आला. पुन्हा दाबला, पुन्हा वर आला.

घट तोंडावर आले होते. आमच्याकडं कऱ्हाडात याला दसरा काढणं म्हणतात. घट बसायच्या आत घरातलं कापड न् कापड पाण्यातून निघालं पाहिजे. वाकळा, चादरी, उशांचे अभ्रे, देवाखालची आसनं, सगळं. एक चिंधी कोरडी राहिली तर देवी उंबऱ्यातून परत जाते, असं आत्याबाई म्हणायच्या. गल्लीतल्या बायका गाठोडी बांधून नदीवर जात. त्यांचा हसण्याओरडण्याचा आवाज आमच्या दारावरून जाई. आम्ही मात्र परड्यात धुवत होतो. आमच्या परड्याच्या भिंती उंच होत्या, आणि ओली वाकळ पिळायला जे तिसरं माणूस लागत होतं, ते नदीवर नेता येण्यासारखं नव्हतं.

ते तिसरं माणूस म्हणजे माझी नणंद, विजयमाला.

"आई, पडदे यंदा राहू देत," वन्सं म्हणाल्या होत्या. "नवेच तर आहेत. घाण कुठं झालेत?"

"नवे आहेत म्हणून देवी चालवून घेईल?"

"मग नुसते गार पाण्यात बुचकळू."

"गार पाण्यात? संक्रांतीपासूनची धूळ बसलीय त्यांच्यावर. सोड्यात उकळायचे. मला धुणं शिकवतीस होय?"

चुलीत आणखी एक लाकूड वन्संनीच सारलं.

*

संक्रांतीला त्या आल्या होत्या. पहाटेच्या एसटीनं, शालीत तोंड गुंडाळून. हातात पिशवीसुद्धा नव्हती.

त्यांच्या नवऱ्यानं घरात दुसरी बाई आणून बसवली होती. वन्संना शिवण येत होतं, म्हणून त्या बाईच्या चोळ्या शिवायचं काम त्यांच्याकडंच आलं. एक चोळी अर्धी शिवून त्यांनी मशीन थांबवलं, उठल्या आणि स्टँडवर आल्या. एवढंच त्यांनी सांगितलं. पुढचं कुणी विचारलं नाही.

सासरे मी लग्न होऊन यायच्या आधीच गेले होते. घरात आत्याबाई बोलतील ते. त्यांनी ह्यांना, म्हणजे माझ्या नवऱ्याला, तिकडं पाठवलं. हे परत आले ते एक निरोप घेऊन.

"ते घेतील म्हणतात परत. जरा दमानं. राग शांत झाल्यावर. पण बोभाटा झालेला नसला पाहिजे. बायको पळून गेली अशी गावात चर्चा झाली तर दारात उभी करणार नाहीत."

"गल्लीला कळलं का काही?" आत्याबाईंनी मला विचारलं.

"नाही."

"मग कळायचं नाही."

आमचं घर म्हणजे रस्त्यावर सोपा, त्याच्या आत माजघर, मग स्वयंपाकघर आणि मागं परडं. सोपा आणि माजघर यांच्यामधल्या चौकटीला दार नव्हतं. त्या दिवशी तिथं घाईघाईनं चादर टांगली. आत्याबाईंनी वन्संचा हात धरून स्वतःच्या डोक्यावर ठेवला.

"ह्या आडोशाच्या बाहेर पाऊल टाकलंस तर माझं मेलेलं तोंड बघशील. घे शपथ."

"आई..."

"घे."

वन्संनी घेतली.

दुसऱ्या दिवशी मला पडद्याचं कापड आणायला पेठेत पाठवलं. जाडाभरडा मांजरपाट, पलीकडच्या माणसाची सावलीसुद्धा दिसू नये असा. वन्संनीच शिवले सगळे, घरातल्या जुन्या मशीनवर. खिडक्यांचे कट्ट्यापर्यंत, चौकटीचा पार जमिनीला टेकणारा. मापं आत्याबाईंनी दिली होती.

*

मशीनचा आवाज रस्त्यावर जायचा. तो काही लपवता येईना. म्हणून तो माझा झाला.

"काय गं शालन, दुपारभर खडखडत असतीस? शिवण येतं व्हय तुला?" समोरच्या हौसाक्कानं एकदा विचारलं. त्या गल्लीतल्या सगळ्यांच्या आक्का. तोंडानं फटकळ, पण कुणाच्या घरी बाळंतपण असो की मयत, आधी त्या.

"थोडंथोडं येतं," मी म्हटलं.

"मग माझं एक झंपर शिव. शिंप्यानं पार वाटोळं केलं बघ मागच्याचं."

नाही म्हणता येईना. मी माप घेतलं. टेप कुठून कुठं लावायचा तेही मला ठाऊक नव्हतं. आत नेऊन वन्संना दिलं. त्यांनी ते मोडकंतोडकं माप वाचलं आणि हसल्या. घरात आल्यापासून पहिल्यांदा.

"वहिनी, ही आक्काची छाती आहे की कंबर?"

"मला काय माहीत!"

"राहू दे. आक्का मला तोंडपाठ आहे. लहानपणी तिच्याच मांडीवर वाढले."

झंपर असं बसलं की हौसाक्का चार घरं दाखवत फिरल्या.

मला गल्लीत बसायला मनाई होती. नागपंचमीला माझा भाऊ न्यायला आला, तर आत्याबाईंनी त्याला चहा पाजून दारातूनच परत पाठवला. "तिकडं चार बायकांत बसशील आणि बोलून जाशील," त्या मला म्हणाल्या. सोप्यात दिवसभर त्या खाटेवर बसून असत. आत वन्सं, मध्ये पडदा, पुढं आत्याबाई, आणि कुणी आलंच तर हसून दारातच बोलणारी मी. श्रावण गेला, गणपती गेले. वन्संचा रंग उन्हाविना पांढुरका पडत गेला. आणि माझा? मी आरशात बघायचं सोडून दिलं होतं.

गणपती झाल्यावर निरोप आला. दसऱ्याच्या दिवशी आणून सोडा. गुपचूप.

*

उकळलेला पडदा आम्ही दोघींनी दोन टोकांना धरला. पिळायचा म्हणजे एकीनं उजवीकडं वळायचं, दुसरीनं डावीकडं. मधे त्याचा दोर होतो आणि पाणी धो धो गळतं.

"दसऱ्याला पोचवणार मला," वन्सं म्हणाल्या.

"ऐकलं मी."

"ती बाई अजून तिथंच आहे. दादालाही माहीत आहे."

"तुम्ही जाणार?"

"आई म्हणेल तर जावंच लागेल. शपथ आहे."

"शपथ बाहेर न येण्याची आहे. जाण्याची नाही."

त्यांनी एकदम पीळ घट्ट केला. माझ्या हातातून टोक सुटलं आणि पडदा चिखलात पडला.

"आता पुन्हा उकळायला लागेल," त्या म्हणाल्या. त्यांना त्याचं काही वाईट वाटलेलं दिसलं नाही.

*

आभाळ दोन दिवस भरलेलं राहिलं. काही वाळेना. दोऱ्यांवर, भिंतींवर, खाटेच्या पायांवर घरभर ओलं कापड. रिकाम्या खिडक्यांची लाकडी दारं आत्याबाईंनी लावून घेतली होती, त्यामुळं दिवसाही आम्ही चाचपडत वावरत होतो. ओल्या वाकळांचा कुबट वास आणि सोड्याचा वास. कुठं हात लावावा तिथं गार, चिकट कापड.

घट बसायचा दिवस उजाडला. दर वर्षी आमचा घट माजघरात बसायचा. त्या वर्षी आत्याबाईंनी तो सोप्यात बसवला, बायका दर्शनाला आत यायला नकोत म्हणून. चौकटीलगतच पाट मांडला, काळी माती, त्यात धान्य, वर घट, शेजारी अखंड दिवा. मग पडदे लावायला घेतले. पडदे तेवढे वाळले होते. ते वन्संनी चुलीच्या उबेवर फिरवून फिरवून वाळवले होते.

ह्यांनी चौकटीचा पडदा दांडीत ओवला आणि सोडला.

तो जमिनीपर्यंत आलाच नाही. वीतभर वर लोंबत राहिला. खाली फरशी दिसत होती, आणि फरशीवर आतल्या बाजूला ठेवलेल्या तांब्याचं बूड.

"हे काय?" आत्याबाई म्हणाल्या.

ह्यांनी ओढून बघितला. "आटला वाटतं."

"आटतो कसा? शिवायच्या आधी कापड भिजवलं नव्हतं का? माले?"

"मला काय ठाऊक, आई?" आतून आवाज आला. "दुकानात वहिनी गेली होती."

आत्याबाई माझ्याकडं वळल्या. "काय गं? भिजवायचं असं काही बोलला होता का दुकानदार?"

"नाही, आत्याबाई."

त्यांनी माझ्याकडं जरा जास्तच वेळ बघितलं. मग कामाला लागल्या.

"खालची दुमड सोड."

"दुमड बोटभरच आहे," आतून वन्सं. "कापड मापालाच होतं."

"दांडी खाली घेतो," हे म्हणाले. "दोन खिळे ठोकले की झालं."

"खिळे?" आत्याबाई दिव्याकडं बघून जवळजवळ ओरडल्या. "घट बसलाय! आता घरात खिळा ठोकतोस?"

"मग चादर लावू."

"चादरी पिळल्या तर अजून पाणी निघेल त्यांच्यातून."

"लुगडं लाव एखादं."

"लुगडं? चौकटीला? बायका विचारतील, आत काय बाळंतीण आहे का म्हणून."

हे चप्पल घालून कारखान्याला निघून गेले. आत्याबाई कमरेवर हात ठेवून चौकटीपुढं उभ्या राहिल्या. आपण आखलेल्या घराला आपणच उकळत्या पाण्यात घातलं हे त्यांना कळत होतं की नाही, देव जाणे. शेवटी त्या म्हणाल्या,

"शालन, बायका आल्या की तू इथं बसायचं. चौकटीत, पडद्याला पाठ लावून. पदर पसरून. आणि उठायचं नाही. माले, तू चुलीपाशी."

"बरं," आम्ही दोघीही म्हणालो.

*

बसले.

मागं पडदा. माझ्या पाठीला तो टोचत होता. उकळल्यानं आणखी राठ झाला होता. पुढं घट, दिवा, आणि पलीकडं सतरंजीवर बायका. सात-आठ जणी असतील. नवी लुगडी, गजरे, देवीची गाणी. गाणं म्हणताना सगळ्या देवीकडं बघत होत्या, म्हणजे माझ्याच दिशेला. मी पदर आणखी पसरला. पाय आखडले होते. मुंग्या आल्या होत्या. हलता येत नव्हतं.

पडद्याला मागून काहीतरी लागलं. गुडघा असावा. वन्सं चुलीपाशी नव्हत्या.

मी गाण्यात आवाज मिसळला. मोठ्यानं.

गाणी संपली. हौसाक्कांनी गुडघ्यावर हात टेकला आणि म्हणाल्या, "चला, कुंकू लावा. माझं दूध उतू जाईल घरी."

आत्याबाईंनी आधी करंड्याकडं बघितलं, मग माझ्याकडं.

आत्याबाईंनी सगळ्याचा विचार केला होता. घट कुठं, खिडक्या किती उघड्या, कुणी कुठं बसायचं. एवढंच त्यांच्या ध्यानातून गेलं होतं, की त्या विधवा होत्या. त्यांना कुंकू लावता येत नव्हतं. त्या घरात कुंकू लावणारी एकच सवाष्ण होती, आणि ती चौकटीत बसवलेली होती.

"आक्का, तूच लाव आज सगळ्यांना," आत्याबाई म्हणाल्या.

"मी? घरची सवाष्ण समोर बसलीय आणि मी लावू? का, पाय मोडलाय का तिचा?"

"तिला जरा बरं नाही."

"बरं नाही? आत्ता तर कावळ्यागत वरडत होती गाण्यात!" बायका हसल्या. "ऊठ गं शालन. सणाचं बसून काय राहतीस?"

मी आत्याबाईंकडं बघितलं. त्यांनी मान अगदी थोडी हलवली. नको.

करंडा माझ्यापासून हातभर अंतरावर होता. बसल्या बसल्या ओढून घेता आला असता. बायकांना जवळ बोलावता आलं असतं. हे सगळं मला त्या वेळी सुचलं होतं.

मी उठले.

*

पहिला मान हौसाक्काचा. मी त्यांच्या कपाळाला हळद लावली. कुंकवाची चिमूट उचलली. त्यांची नजर माझ्या हाताखालून पलीकडं गेली, खाली गेली, आणि तिथंच राहिली.

"कुणाचं गं पाय ते?"

मी मागं बघितलं नाही.

"कामवाली आहे," आत्याबाई म्हणाल्या.

"कामवालीच्या पायात चांदीची जोडवी?" हौसाक्का पुढं सरकल्या. गुडघ्यांवर, सतरंजीवरून, घटाच्या बाजूनं. त्यांचं तोंड पडद्याच्या काठाजवळ गेलं. "ही करंगळी..." त्या आत्याबाईंकडं वळल्या. "सरू, ही करंगळी माझ्या पाट्याखाली चेचली होती. शेंगा निवडत होतो आपण. मी ह्या पोरीला उचलून डॉक्टरकडं पळाले होते, माझ्या लुगड्याला तिचं रक्त लागलं होतं. माले?"

"हां, आक्का," पडदा म्हणाला.

हौसाक्कांनी पडदा बाजूला केला.

वन्सं चौकटीला लागून उभ्या होत्या. केस विंचरलेले, कपाळावर कुंकू. ओल्या घरातून त्यांना कुठून मिळालं कोण जाणे, पण धुतलेलं, कोरडं लुगडं नेसल्या होत्या.

"अगं बाई! कधी आलीस?"

"आजच," आत्याबाई घाईनं म्हणाल्या. "सकाळच्या गाडीनं. दमलीय म्हणून आत..."

"संक्रांतीपासून आहे, आक्का," वन्सं म्हणाल्या. "त्यांनी घरात दुसरी बाई ठेवलीय. मी निघून आले. आता दसऱ्याला मला परत नेऊन सोडणार आहेत. तुम्हाला कुणाला कळू नये म्हणून मी आत होते."

बायका एकमेकींकडं बघायच्या विसरल्या. सगळ्या त्यांच्याकडंच बघत होत्या.

"शपथ मोडलीस," आत्याबाई पुटपुटल्या. "माझ्या डोक्यावर हात ठेवून घेतली होतीस. माझ्या जिवावर उठलीस."

"कुठं मोडली, आई? मी आतच आहे. बघ."

सगळ्यांनी खाली बघितलं. वन्संचे दोन्ही पाय चौकटीच्या आत होते, लाकडाला बोटं लागतील न लागतील असे. पडदा वर गेला होता. त्या बाहेर आल्या नव्हत्या.

"ये की मग भाईर," हौसाक्का म्हणाल्या.

"येता येत नाही. शपथ आहे."

हौसाक्का फिरल्या. तोवर त्यांचं कपाळ अर्धंच झालं होतं, नुसती हळद. "सरू, सुटली म्हण."

आत्याबाईंनी पदर डोक्यावर ओढून घेतला.

"आता कुणापास्नं लपवायचंय? मी तर काय, संध्याकाळच्या आत नदीपलीकडं सांगणार आहे. मला ओळखतीस. म्हण."

दिवा फडफडला. आत्याबाईंनी हात आडवा धरून त्याची ज्योत सांभाळली. तसाच हात धरून त्या बराच वेळ बसल्या. मला वाटलं, आता म्हणणार नाहीत. मला वाटलं, मी पुन्हा चौकटीत जाऊन बसेन, आणि ते दोन पाय मागं जातील, आणि सगळं पहिल्यासारखं होईल.

"सुटली," त्या म्हणाल्या. ज्योतीकडं बघत.

वन्संनी पाऊल उचललं. चौकट ओलांडली आणि सतरंजीच्या अगदी काठावर बसल्या, पाहुणीसारख्या. हौसाक्कांनी माझ्या हातातला करंडा काढून घेतला आणि आधी त्यांना कुंकू लावलं. मग त्यांचं लक्ष स्वतःच्या झंपराकडं गेलं. त्यांनी बाहीला हात लावला, माझ्याकडं बघितलं, मग वन्संकडं.

"म्हंजे हे..."

"मीच," वन्सं म्हणाल्या. "वहिनीनं तुझी छाती बत्तीस इंच लिहून आणली होती, आक्का."

हौसाक्का इतक्या जोरात हसल्या की घटातलं पाणी हललं.

*

दसऱ्याला कुणी कुठं गेलं नाही. तिकडून निरोप आला: बोभाटा झाला, आता आमचा संबंध नाही. हे चार दिवस जेवताना बोलले नाहीत. आत्याबाई दिवाळीपर्यंत वन्संशी बोलल्या नाहीत. मग भाऊबीजेला "माले, मीठ दे" म्हणाल्या, तिथून सुरू झालं. मशीन सोप्यात आलं, खिडकीशी. गल्लीची शिवण तिथंच होऊ लागली. मला त्या वर्षी पंचमीचं माहेरपण दिवाळीनंतर मिळालं.

चौकटीच्या पडद्याला खाली एक पट्टी जोडून दे, असं आत्याबाई वन्संना बऱ्याचदा म्हणाल्या. वन्सं म्हणायच्या, बघू. तो तसाच राहिला, वीतभर वर, विरून जाईपर्यंत.

आत्याबाई अगदी म्हाताऱ्या झाल्यावर, अंथरुणाला खिळल्यावर, एकदा मला म्हणाल्या, "शालन, खरंच काही बोलला नव्हता का गं तो दुकानदार?"

"नाही, आत्याबाई," मी म्हटलं, आणि त्यांच्या अंगावरची चादर नीट केली.

संक्रांतीनंतर मी मांजरपाट घेऊन घरी आले तेव्हा वन्सं मशीनला तेल घालत होत्या. मी गठ्ठा त्यांच्यापुढं ठेवला आणि दुकानदारानं सांगितलेलं जसंच्या तसं त्यांना सांगितलं: शिवायच्या आधी एकदा पाण्यातून काढा, पहिल्या धुण्याला हे वाराला पाच-सहा बोटं आटतं.